भिडस्त गावाचे दात

रविवारची प्रार्थना आटोपून सगळे चर्चच्या तळघरात कॉफीला जमले होते. तेवढ्यात डॉक्टर गॉर्डन टॉलेफ्सन एका घडीच्या खुर्चीवर चढून उभे राहिले आणि त्यांनी गावाला आनंदाची बातमी दिली.

"उद्यापासून आपल्या दवाखान्यात फोनाफोनी बंद. दातांच्या विम्याचं सगळं आता कॉम्प्युटरवर दिसणार. बटण दाबलं की कुणाचा विमा किती उरलाय, कुणाच्या तोंडात काय काम झालंय, कधी झालंय, कुठल्या डॉक्टरकडे झालंय, सगळं माझ्या डोळ्यांसमोर. आमच्या जॉयसला फोन कानाला लावून तासन्‌तास ते रडकं संगीत ऐकत बसायला नको."

त्यांना टाळ्यांची अपेक्षा होती. पण तळघरात एकदम एवढी शांतता पसरली की कॉफीच्या मोठ्या भांड्याची बुडबुड ऐकू येऊ लागली. हार्डवेअरचे दुकान चालवणारा लॉइड तोंडाशी नेलेला कप तसाच धरून राहिला. महिला मंडळाची अध्यक्ष मार्लिस तोंडातली वडी चावायचे विसरली. आणि दवाखान्याच्या काउंटरवर बसणारी खुद्द जॉयस बुटाची नाडी बांधायला म्हणून टेबलाखाली वाकली ती वर आलीच नाही. तिच्या बुटांना नाड्या नव्हत्या.

"आहे की नाही सोय?" डॉक्टरांनी विचारले.

"हो, हो. फारच छान," सगळे एका सुरात म्हणाले.

आमच्या ओडिन लेक गावात माणूस 'नाही' म्हणत नाही. घराला आग लागली तरी शेजाऱ्याला फोन करून 'जरा उबदार वाटतंय' एवढेच सांगेल, आणि वर तुमचे जेवण तर चालले नव्हते ना, अशी चौकशी करील. याच भिडस्तपणापायी गावावर एक नाजूक प्रसंग ओढवला होता. निम्मे गाव दातांसाठी गुपचूप शेजारच्या हॅडलीला जात होते, डॉक्टर माय वांग या बाईंकडे.

गॉर्डन डॉक्टर म्हणून वाईट होते असे मुळीच नाही. हात हलका, सुई टोचलेली कळायची नाही. खोट एकच होती. त्यांच्या तोंडात तीळ भिजत नसे. लॉइडच्या हिरड्यांची हकीगत त्यांनी गोठलेल्या तळ्यावरच्या मासेमारीच्या स्पर्धेत लाउडस्पीकरवरून सांगितली होती. कुणाची कवळी सैल आहे हे किराणा दुकानात ऐकू यायचे. आणि हे सगळे ते निव्वळ काळजीपोटी करत, त्यामुळे त्यांना बोलण्याची सोय नव्हती.

मग लोकांनी आमच्याकडची रीत पाळली. खरे काम हॅडलीला करून घ्यायचे, विमा तिथे वापरायचा, आणि गॉर्डनला वाईट वाटू नये म्हणून त्यांच्याही खुर्चीत जाऊन बसायचे. नुकतेच साफ केलेले दात पुन्हा साफ करून घ्यायचे आणि 'मला आपलं रोखीनंच बरं पडतं' म्हणून पैसे पदरचे द्यायचे. जॉयसला फोनवर विमा कंपनीकडून सगळे कळत असे. पण ती स्वतःच हॅडलीला जात असल्यामुळे मूग गिळून बसे. अख्ख्या मिनेसोटात आमच्या गावाइतके घासलेले दात कुठे नसतील.

त्या दिवशी तळघरात सर्वांत जास्त घाबरली होती ती आर्डिस. गॉर्डनची ही थोरली वहिनी.

तिचा नवरा व्हर्जिल गेला त्या वर्षीच्या ईस्टरच्या न्याहारीला, याच तळघरात, गॉर्डनने डोळ्यांत पाणी आणून जाहीर केले होते, "वहिनी झोपेत दात खातात हो. दाढा पार झिजल्यात. बिचारीला एकटं राहणं सोसत नाहीये." दुसऱ्या दिवशी सकाळी आर्डिसने दार उघडले तर पायरीवर हॉटडिश. संध्याकाळी आणखी दोन. आमच्याकडे कीव आली की लोक खिमा, डबाबंद सूप आणि वर बटाट्याचे छोटे गोळे असा थर लावून ओव्हनमध्ये घालतात आणि दारात ठेवून पळतात. तिचा फ्रीझर भरला, शेजाऱ्यांचा भरला. पण तिला त्याचे काही नव्हते. खरा घाव पुढे बसला. 'तिला जरा विश्रांती द्या' असे ठरवून महिला मंडळाने तिच्याकडून चर्चच्या स्वयंपाकघराची किल्ली काढून घेतली.

ऑक्टोबरातले चर्चमधले मीटबॉलचे, म्हणजे रश्शातल्या खिम्याच्या गोळ्यांचे, जेवण आर्डिसच्या हातचे. आसपासच्या गावांतून लोक गाड्या करून येतात. त्या वर्षीचे मीटबॉल मार्लिसने केले. माणसांनी ते भिडेपोटी खाल्ले, कुत्र्यांनी मात्र नकार दिला. पुढे मोठ्या मिनतवारीने, आपण अगदी ठणठणीत आहोत, छान झोपतो, असे ज्याला त्याला सांगून आर्डिसने ती किल्ली परत मिळवली आणि दोऱ्यात ओवून गळ्यात घातली.

ती छान झोपत नव्हती. झोपेत अजूनही दात खात होती. एका दाढेला तडा गेला तेव्हा ती पहिल्यांदा हॅडलीला गेली. डॉक्टर वांगनी दाढेला कॅप बसवली, रात्री दातांवर चढवायचे प्लॅस्टिकचे पारदर्शक आवरण करून दिले आणि म्हणाल्या, "हे रोज घालून झोपा, मावशी." बस. का, कशाने, केव्हापासून, काही विचारले नाही. परत येताना आर्डिसने रस्त्याच्या कडेला गाडी थांबवून पोटभर रडून घेतले होते. नवरा गेल्यापासून तिला इतके हलके कधी वाटले नव्हते.

आता गॉर्डन बटण दाबणार, ती कॅप आणि ते आवरण पाहणार आणि खुर्चीवर चढणार. मीटबॉलचे जेवण पुढच्याच रविवारी होते.

मंगळवारी जॉयसचा फोन आला. आवाज अगदी बारीक.

"आर्डिसताई, मी कपाटातनं बोलतेय."

"कसल्या कपाटातनं?"

"कोट टांगतात त्या. ऐका. काल त्यांनी लॉइडचं नाव टाकून बटण दाबलं. मग मार्लिसचं. मग माझं. मग पास्टरसाहेबांचं. सगळीकडे हॅडली, हॅडली, हॅडली."

"अरे देवा. रडला का?"

"रडले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, ही बाई चोर आहे."

"कोण बाई?"

"डॉक्टर वांग. म्हणे माझ्या पेशंटांची नावं वापरून खोटी बिलं लावते. न केलेल्या कामांचे पैसे उकळते. आता ते राज्याच्या दंतवैद्यक मंडळाकडे तक्रार करणारेत, तिचं लायसन काढून घ्या म्हणून. कागद घेऊन गावभर फिरतायत. 'मी या बाईकडे कधीही गेलेलो नाही' असं लिहून खाली सह्या घ्यायच्या."

आपला पेशंट आपल्याला सोडून जाऊ शकतो, ही शक्यता त्या माणसाच्या मनाला शिवलीही नव्हती. एका परीने आर्डिसला त्याचा हेवा वाटला.

"मग तू काय म्हणालीस?"

"मी म्हटलं, असंही असेल बाई."

"जॉयस."

"तुम्ही काय म्हणाला असता? माझ्या नावापुढे रूट कॅनल दिसतंय आणि ते माझ्याकडे किती मायेनं बघतायत. म्हणाले, जॉयस, तुझ्यासारख्या साध्या बाईलासुद्धा सोडलं नाही गं तिनं."

आर्डिस तडक लॉइडच्या दुकानात गेली. लॉइड खिळे तोलत होता. तिला पाहताच त्याने तेच खिळे पुन्हा तोलायला घेतले.

"सही केलीस?"

"तो पेन पुढे करून उभा होता, आर्डिस. पेनसुद्धा त्याचंच. मागे गिऱ्हाईक खोळंबलं होतं. मग माणसानं काय करायचं?"

"नाही म्हणायचं."

लॉइडने तिच्याकडे अशा नजरेने पाहिले की जणू तिने त्याला जानेवारीत तळ्यात उडी मारायला सांगितले असावे.

"तुझ्या तोंडात तिनं भरलेली दाढ आहे, लॉइड."

"हळू बोल ना."

"तिचं लायसन गेलं तर?"

"नाही जायचं. कोणीतरी सांगेलच की खरं काय ते."

"कोण?"

"कोणीतरी," लॉइड म्हणाला आणि खिळे मोजू लागला.

गुरुवारी आर्डिसची गॉर्डनकडे वेळ ठरलेली होती. बाकीच्यांनी आपापल्या वेळा रद्द केल्या होत्या. कुणाची गाय आजारी होती, कुणाच्या पाठीत उसण भरली होती, आणि एकाने तर 'तुम्हाला उगाच त्रास नको' एवढेच सांगून फोन ठेवला होता. आर्डिस मात्र गेली. न जाणे म्हणजे कबूल करणेच, असा तिचा हिशोब होता.

गॉर्डनने तिच्या तोंडात कापसाचे बोळे कोंबले, नळी अडकवली, आरसा आत घातला, आणि मग सवयीप्रमाणे गप्पांना सुरुवात केली.

"मुलगा फोन करतो का, वहिनी? करत असेलच. मीटबॉलची तयारी झाली? होणारच. अरे वा, ही कॅप बघ, जॉयस. ये, ये, बघून घे. काय सुरेख बसलीय. कडा कुठे कळतेय का? ह्याला म्हणतात काम."

जॉयस खिडकीबाहेर पाहू लागली.

"आणि गंमत बघा. ह्याच दाढेचं बिल त्या बाईनं लावलंय. कॅप मी बसवायची आणि पैसे तिनं घ्यायचे. वर तुमच्या नावानं रात्री घालायचं आवरणही दाखवलंय. तुम्हाला आवरण कशाला? तुम्ही तर दात खायच्या केव्हाच थांबलात. मी सगळ्यांना तसं सांगितलंय."

"ऊं ऊं ऊं," आर्डिस म्हणाली.

"राग येणारच. मलाही आला."

खुर्ची सरळ झाली. आर्डिसने चूळ भरली.

"गॉर्डन, ही कॅप तू कधी बसवलीस?"

"बसवली असेल की. व्हर्जिल होता तेव्हा."

"तुझ्याकडे लिहिलेलं असेल. बघ ना काढून."

"वहिनी, कलावंताला आपलं काम ओळखायला वही लागत नाही," गॉर्डन म्हणाला आणि त्याने पेन पुढे केले.

खरे शब्द तिच्या अगदी जिभेवर होते. पण दार सताड उघडे होते आणि बाहेरच्या बाकावर मार्लिस हातातल्या मासिकाचे पान न उलटता बसली होती. आर्डिसचा हात आपोआप गळ्यातल्या किल्लीकडे गेला. तिने पेन घेतले, आपल्या पर्समध्ये टाकले, पर्सची चेन ओढली आणि चालू लागली.

"वहिनी, माझं पेन."

"असू दे माझ्याकडे," आर्डिस म्हणाली. "तुझ्या हातात बरं नाही ते."

गाडीत बसल्यावर तिला स्वतःचा संताप आला. लॉइडला खुशाल सुनावले, आणि वेळ आली तेव्हा आपण काय केले, तर पेन पळवले. त्या रागातच तिने गाडी हॅडलीकडे वळवली.

डॉक्टर वांगनी सगळे शांतपणे ऐकून घेतले. त्यांना आधीच कुणकुण लागली होती.

"मंडळानं मागितले तर एक्स-रे दाखवीन, मावशी. ते कायद्यानं द्यावेच लागतात. पण गावात जाऊन कोण कोण माझ्याकडे येतं हे मी नाही सांगत फिरणार."

"मग गाव तुला चोर म्हणेल."

"म्हणायला लागलंच आहे," त्या म्हणाल्या. इतका वेळ हसरा असलेला त्यांचा चेहरा जरा बदलला. "माझी आई इथल्या बाजारात भाजी विकते, तुम्हाला माहितीये. काल तुमच्या गावची एक बाई आली. दोन भोपळे निवडले, हातात घेतले, आणि मग आईकडे बघून परत ठेवले. 'सॉरी' म्हणाली. आई रात्रभर मला विचारत होती, भोपळ्यात काय खोट होती गं."

आर्डिसची कानशिले तापली. खोटे बोलून वर 'सॉरी' म्हणणारे ते सभ्य गाव तिला डोळ्यांपुढे दिसले, आणि त्यात आपणही पर्स सावरून उभ्या आहोत हेही दिसले. गेली खड्ड्यात ती किल्ली, ती मनाशी म्हणाली. लगेच दुसरा विचार आला. किल्लीने काय घोडे मारले आहे? किल्ली का म्हणून जाईल?

रविवारी संध्याकाळी तळघर गच्च भरले होते. मीटबॉलचा वास पार रस्त्यावर येत होता. वाढायला सुरुवात होणार एवढ्यात गॉर्डन कागद घेऊन खुर्चीवर चढला.

"मंडळी, जेवणाआधी दोन मिनिटं. आपल्या सगळ्यांची फसवणूक झालीय."

"गॉर्डन, खाली उतर," स्वयंपाकघराच्या खिडकीतून आर्डिस म्हणाली. तिच्या हातात डाव होता. "खुर्ची घडीची आहे. मिटेल."

"वहिनी, फक्त सह्या घ्यायच्यात."

"कुणाची फसवणूक झालेली नाही. मी जाते हॅडलीला. किती वर्षं झाली. ती कॅप तिनं बसवलीय, आणि हे पण तिनंच दिलंय." तिने अ‍ॅप्रनच्या खिशातून डबी काढली, डबीतून ते पारदर्शक आवरण काढले आणि ब्रेडच्या टोपलीशेजारी सगळ्यांना दिसेल असे ठेवले. "मी झोपेत अजूनही दात खाते. व्हर्जिल नाही म्हणून खाते. मरेपर्यंत खाईन, माझे दात आहेत. आणि त्यापायी ज्याला कुणाला हॉटडिश करायची हुक्की येईल त्यानं ती करावी आणि स्वतः बसून संपवावी."

कॉफीच्या भांड्याची बुडबुड पुन्हा ऐकू येऊ लागली.

"आर्डिस," मार्लिस अगदी गोड आवाजात म्हणाली, "मला वाटतं तुला जरा विश्रांतीची–"

"किल्ली इथे आहे, मार्लिस. माझ्या गळ्यात. ये, काढून घे."

मार्लिस उठली नाही. कोणीच उठले नाही. सगळे आपापल्या रिकाम्या ताटात पाहत बसले, जणू तिथे काही लिहिलेले होते. गॉर्डन खुर्चीवरच उभा होता आणि त्याच्या चेहऱ्यावर फक्त दया होती.

"बघितलंत?" तो म्हणाला. "वहिनींनाही तिनं नादी लावलं. पण एकट्या वहिनीच. बाकी कोणी नाही. आहे का कोणी?"

तळघर गप्प. लॉइड गप्प. जॉयस पुन्हा टेबलाखाली.

आर्डिसने डाव मीटबॉलच्या भांड्यावर आपटला.

"ठीक आहे. उभं राहून सांगायची लाज वाटते ना, मग रांगेत या आणि कानात सांगा. ज्याच्या तोंडाला डॉक्टर वांगचा हात लागलाय त्याला वाढते. ज्याचा लागला नाही त्यानं खुशाल सही करावी आणि घरी जाऊन ब्रेड खावा. खोटं बोलणाऱ्याला ह्या डावातनं काही मिळायचं नाही."

आमच्याकडे जेवणाच्या रांगेत पहिले कोणी होत नाही. 'तुम्ही व्हा पुढे', 'छे, छे, तुम्ही व्हा', यातच जेवण निवते. त्यामुळे बराच वेळ काहीच घडले नाही. पण मीटबॉलच्या वाफेने आपले काम केले. लॉइड उठला, बुटांकडे पाहत पाहत खिडकीशी आला आणि त्याने ताट पुढे केले.

"वरची डावी दाढ. भरलीय. रस्सा जरा जास्त घाल."

"मोठ्यानं."

"कानात सांगा म्हणालीस ना."

"तू सही केलीयस. तुला मोठ्यानं."

"वरची डावी दाढ," लॉइड तळघराला ऐकू जाईल असे म्हणाला आणि त्याला स्वतःलाच इतके बरे वाटले की त्याने आणखी एक दात सांगून टाकला. त्याच्यामागून जॉयस आली. "रूट कॅनल. आणि त्यांनी मला काहीही विचारलं नाही, आर्डिसताई, काहीही." मग पास्टरसाहेब आले, अक्कलदाढ घेऊन. मग बाकीचे. एकदा रांग लागली म्हटल्यावर मागे राहणे असभ्य दिसले असते. सर्वांत शेवटी मार्लिस आली आणि तिने ताटाआडून हळूच सांगितले, "पुढचे दोन. दोन्ही खोटे." आर्डिसने तिला मुकाट्याने वाढले, कुणाला ऐकू जाऊ दिले नाही.

गॉर्डन केव्हाच खुर्चीवरून उतरला होता.

"पण का?" त्याने विचारले. त्याचा आवाज इतका लहान झालेला कुणी ऐकला नव्हता.

"ती गप्प बसते म्हणून," आर्डिस म्हणाली.

"मी काळजीनं सांगतो, वहिनी. सगळ्यांची काळजी वाटते मला."

"वाटते, गॉर्डन. पण तुझी काळजी फार ओरडते."

मग तिने पर्समधून त्याचे पेन काढले आणि लॉइडच्या हातात दिले. लॉइडने तो कागद टेबलावर पसरला, गॉर्डनच्याच पेनाने आपले नाव खोडले आणि पेन पुढच्याकडे सरकवले. गॉर्डनने कागद घडी करून खिशात घातला आणि तो न जेवता निघून गेला. आर्डिसचे मात्र त्याच्या भरल्या ताटाकडे लक्ष गेले. तो खोटे बोललेला नव्हता म्हणून शेवटी तिने त्यालाही वाढले होते, पण मीटबॉलला त्याने हातही लावला नव्हता. गेल्या हिवाळ्यापासून तो तिच्या रूबार्बच्या आंबटगोड वड्याही घेत नव्हता, साखर नको म्हणून. कॉफी गार होईपर्यंत हातात धरून ठेवायचा. गावाला वाटे, केवढा तत्त्वाचा माणूस.

मंगळवारी सकाळी दाराची घंटा वाजली. दारात गॉर्डन, हातात हॉटडिश.

"मी नाही आणलेली," तो घाईने म्हणाला. "पायरीवर होती. कुणीतरी ठेवून गेलं."

"ठेवणारच. ये आत."

तो आत आला नाही. त्याचा उजवा गाल सुजून वर आला होता.

"वहिनी, ती खरंच काही बोलत नाही?"

"कोण?"

"ती."

आर्डिसने त्याच्या गालाकडे पाहिले आणि तिला सगळे कळले. दंतवैद्याला स्वतःच्या तोंडात हात घालता येत नाही.

"शहरात तुझे एवढे डॉक्टर मित्र आहेत. त्यांना का नाही दाखवलंस?"

"एकाला दाखवलं होतं. मागे, पुष्कळ वर्षांपूर्वी. त्यानं परिषदेच्या जेवणात माइकवरून सांगितलं."

"लोक हसले?"

"नाही ना. सगळ्यांना काळजी वाटली." गॉर्डनने जमिनीकडे पाहिले. "महिनाभर घरी दात घासायचे ब्रश येत होते."

आर्डिसला हसू फुटत होते. पण तिने ते दाबले, हॉटडिश आत ठेवली आणि गाडीची किल्ली घेतली.

हॅडलीला काउंटरवरच्या मुलीने गॉर्डनचे नाव घेतले आणि कॉम्प्युटरवर विम्याची माहिती काढली. ती पाहून तिच्या भुवया किंचित वर गेल्या. जो माणूस गावाला सकाळ-संध्याकाळ दातांवर प्रवचने देत होता, त्याच्या नावापुढचे अख्खे पान कोरे होते. मागे बाकावर लॉइड मासेमारीचे मासिक वाचत होता. त्याने ते खाली केले, गॉर्डनला पाहिले आणि पुन्हा नाकापर्यंत वर नेले. त्या मुलीने एक शब्दही न बोलता कॉम्प्युटरचा पडदा हळूच भिंतीकडे वळवला.

"बसा, डॉक्टर," ती म्हणाली. "आत बोलावतील."

गॉर्डन बराच वेळ त्या वळवलेल्या पडद्याच्या पाठीकडे पाहत उभा होता. मग त्याने खिशातला तो घडी केलेला, खोडाखोडीने भरलेला कागद काढला आणि तिच्या टेबलाजवळच्या केराच्या टोपलीत टाकला.

परतताना त्याचे निम्मे तोंड बधिर होते. शब्द निघत नव्हता. आर्डिसने संधी सोडली नाही.

"यंदा बर्फ लवकर पडेल का रे, गॉर्डन? पडेल. तळ्यात मासे लागतायत का? लागत असतील. डॉक्टर वांगची माफी मागितलीस का?"

"ऊं ऊं," गॉर्डन म्हणाला.

"मागितली असशील. आणि तिच्या आईची?"

गाडी बाजारापाशी थांबली. गॉर्डनने म्हाताऱ्या वांगबाईंपुढे मान खाली घातली आणि त्यांच्यापुढचे होते नव्हते तेवढे भोपळे विकत घेतले. तोंड चालत नसल्यामुळे त्याला घासाघीस करता आली नाही. सगळे भोपळे त्याने स्वतः वाहून गाडीत भरले आणि आर्डिस खुर्ची मागून घेऊन वांगबाईंशेजारी बसून राहिली.

पुढच्या रविवारी तळघरात कॉफीला गॉर्डन आला तेव्हा त्याचा गाल अजून थोडा सुजलेला होता. कुणाशी न बोलता त्याने रूबार्बची एक वडी उचलली आणि डाव्या बाजूने सावकाश चावायला घेतली. सगळ्यांनी ते पाहिले. कुणी विचारले नाही, म्हणजे मार्लिसखेरीज कुणी नाही.

"अगंबाई, गॉर्डनच्या गालाला काय झालं?" तिने विचारले. आणि विचारले ते गॉर्डनला नाही, आर्डिसला.

कॉफीच्या भांड्याची बुडबुड ऐकू येऊ लागली. लॉइडने छताकडे पाहिले. गॉर्डनचा वडीचा हात तोंडाशी थांबला आणि तो वहिनीकडे पाहू लागला. घडीची खुर्ची आर्डिसच्या अगदी हाताशी होती.

आर्डिसने मार्लिसच्या कपात कॉफी ओतली.

"मला काय विचारतेस? तुझ्याकडे बटण आहे का?"

"नाही बाई."

"मग कॉफी पी. गार होतेय."